वासुदेवरावांच्या छतातली फट

मित्रांनो, मी एक जुनी फट आहे. सध्या भरलेली आहे, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. तेवढं सांभाळून घ्या.

फटीनं कसली जीवनकहाणी सांगायची, असं तुमच्या मनात आलं असेल. छत्र्या बोलतात, शाळेचे फळे बोलतात, फाटकी पुस्तकं तर एकदा बोलायला लागली की आवरत नाहीत. पण त्या सगळ्यांना अंग असतं. मला तेही नाही. दोन वस्तू एकमेकींपर्यंत पोचता पोचता राहिल्या की मधे जे उरतं, ती मी. तरी मला कमी लेखू नका. बोरगाव मेघेतल्या एका चांगल्या घरात माझ्यावाचून पान हलत नव्हतं, असे दिवस मी पाहिले आहेत.

माझा मुक्काम वासुदेवरावांच्या घरी, बैठकीच्या खोलीत. पंख्याकडून खिडकीकडे नजर नेलीत की वाटेत मी. डावीकडे जिप्समचा एक बोर्ड, उजवीकडे दुसरा. वर हातभर पोकळी, पोकळीवर स्लॅब, स्लॅबवर वर्ध्याचं ऊन. खाली मनकर्णाबाईंचा संसार. आणि मी मधे. कुठं जायचं म्हटलं तरी दोन्हीकडे बोर्ड. जन्मापासून मी अडकलेलीच आहे. मात्र अडकलेली मी एकटीच नव्हते, आणि सांगण्यासारखं आहे ते तेवढंच.

वासुदेवरावांची हयात कापसाच्या शेतीत गेली. पोरं नोकरीच्या गावी गेल्यावर त्यांनी शेत मक्त्यानं दिलं आणि मनकर्णाबाईंना घेऊन ते इथं राहायला आले. उन्हाळ्यात स्लॅब असा तापे की पंखा लावला तर तो वरचा शेक सगळ्यांना सारखा वाटून देई. कुणीतरी सांगितलं, स्लॅबखाली दुसरं छत करून घ्या, गार राहतं. गावात या छताला सरसकट पीओपी म्हणतात. बोर्ड जिप्समचे असले तरी पीओपीच. जिप्समनं अजून तक्रार केलेली नाही.

छत करायला आला स्वप्निल. हात चांगला, बोलणं गोड. त्यानं लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा टांगला, त्याला एकेक बोर्ड स्क्रूनं आवळला. शेवटच्या बोर्डाचं माप घ्यायचं होतं. टेपचं एक टोक स्वप्निलनं धरलं, दुसरं वासुदेवरावांनी. वासुदेवरावांना मदत करायची भारी हौस. तेवढ्यात मनकर्णाबाईंनी चहा आणला. वासुदेवरावांचा हात कपाकडे गेला, आणि टेपचं टोकही त्या हाताबरोबर चहाला गेलं.

बोर्ड बोटभर आखूड कापला गेला. अशी मी जन्मले.

“काकाजी, टेप सुटला का हातातून?” स्वप्निलनं विचारलं.

“सुटीन कसा? टेपच ढिला हाय तुहा.”

“राहू द्या. बोटभर तं फट हाय. उद्या मसाला घट्ट भरतो, वाळू देतो, वरून जाळीची पट्टी मारतो, मंग पुट्टीचा हात. तोवर कोणी हात नका लावू.”

मित्रांनो, ही जाळीची पट्टी फार महत्त्वाची. छत उन्हानं फुगतं, गारव्यानं आकसतं. पट्टी दोन्ही बोर्डांना एकमेकांचा हात धरायला लावते. ती नसेल तर वरून पुट्टी कितीही गुळगुळीत फिरवा, आमच्या जातीची फट आपला रस्ता पुन्हा शोधतेच. हे स्वप्निलला माहीत होतं. वासुदेवरावांनाही आता सांगून झालं होतं. म्हणूनच त्यांनी त्याच संध्याकाळी हात लावला.

घरात कापसाचं एक बोचकं होतं. मनकर्णाबाईंनी वातींसाठी ठेवलेलं, आपल्याच शेतातलं. वासुदेवराव स्टुलावर चढले आणि तो कापूस पुट्टीत कालवून माझ्यात कोंबू लागले.

“हे काय करून राह्यले जी?” मनकर्णाबाईंनी खालून विचारलं.

“फट भरून राह्यलो. दुकानचा मसाला कशाले पाह्यजे? सारी दुनिया कापूस घालून फिरते, छताले काऊन नाई चालणार?”

मनकर्णाबाईंनी स्टूल धरलं.

दुसऱ्या दिवशी स्वप्निलनं छताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडातून डोकावणाऱ्या कापसाकडे पाहिलं, शेवटी वासुदेवरावांच्या वयाकडे पाहिलं. “काकाजी, हा काढा लागन,” तो म्हणाला. “घरचा माल हाय, हात लावायचा नाई,” वासुदेवराव म्हणाले. अर्धा दिवस ते स्टुलाशी खुर्ची टाकून बसले. शेवटी स्वप्निलनं, ‘तुमची मर्जी, नंतर मले बोलू नका’ असं सांगून वरून पुट्टीचा पातळ हात मारला. छत दुधासारखं पांढरंशुभ्र झालं. शेजारच्या कमलाबाई पाहायला आल्या आणि मान वर करकरून अवघडून परत गेल्या. “आमच्याइथंबी तुलेच बलावतो रे बापा,” असं त्या स्वप्निलला म्हणाल्या.

माझ्या तोंडात कापूस होता, त्यामुळे मला कुणी विचारलं नाही.

आता दुसऱ्या अडकलेलीबद्दल.

मनकर्णाबाईंची थोरली बहीण आनंदाबाई आर्वीला असते. एकटी. मनकर्णाबाई तिला बाई म्हणतात. बाईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, पण ऑपरेशनला ती तयार होत नव्हती. मनकर्णाबाई कणीक मळताना फोन आला की स्पीकरवर लावत, त्यामुळे मला सारं ऐकू येई.

“मने, काल मी चहा कपात ओतला.”

“मंग बरं झालं ना बाई.”

“कप नव्हता तिथं.”

“अवं बाई, दवाखान्यात जाऊन ये ना मंग!”

“तू आल्याशिवाय मी त्या टेबलावर नाई झोपत. डोळ्यावर पट्टी बांधली का मले कोणाचा हात धराले पाह्यजे. तू कवा येतं?”

“घरचं छताचं काम पुरं झालं का येतो. पसारा पडला हाय समदा.”

हे मनकर्णाबाई स्वतः बोलल्या होत्या, अगदी सरळ मनानं. घरात धूळ उडत असताना नवऱ्याला टाकून कसं जायचं, एवढाच त्याचा अर्थ. आपण स्वतःच्याच दाराला बाहेरून कडी लावतोय, हे त्यांना कुठून कळणार? छत झालं. त्यांनी निळी बॅग भरली. दोन लुगडी, बाईसाठी लोणच्याची बरणी. आर्वीची एसटी सकाळची पकडायची ठरली.

आणि वासुदेवरावांनी कूलर लावला.

वाळ्याच्या ताट्यांमधून ओली गार हवा थेट माझ्यावर. कापूस म्हणजे कापूसच, मित्रांनो. त्याला शेतात पाणी प्यायची सवय असते, ती छतात गेल्यानं सुटत नाही. तो प्यायला, फुगला, जड झाला. आधी पुट्टीला केसाएवढा तडा गेला. मग पापुद्रा सुटला. सकाळी मनकर्णाबाई बॅग घेऊन बैठकीत आल्या तेव्हा छतातून पांढरी दाढी लोंबत होती.

“आता?” त्या म्हणाल्या.

“आता काय? छत पुरं झालं का जाजो,” वासुदेवराव म्हणाले.

बॅग दाराआड गेली. बरणी फडताळात गेली.

आणि त्या दिवशी मी वासुदेवरावांचा चेहरा पाहिला. छत फुटलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. दुपारी त्यांनी एक भाकर जास्त खाल्ली. चहा दोनदा मागितला. अन् झोपायच्या आधी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं माणूस अडचणीत कामी आलेल्या पाहुण्याकडे पाहतो. कापूस त्यांनी भाबडेपणानं भरला होता, यात मला शंका नाही. पण भाबडेपणाचं फळ इतकं गोड लागलं की पुढं त्यांनी भाबडेपणा सोडून दिला.

स्वप्निल आला. कापूस उपसताना म्हणाला, “काकाजी, अजून दोन फटी असत्या तं गादी झाली असती.” त्यानं मला साफ केलं, धूळ झटकली, मसाला भरला. भरलं जाणं कसं असतं, ते तुम्हांला सांगता येणार नाही. आधी गार, ओलं, बरं वाटतं. मग ते घट्ट होत जातं. इतकं घट्ट, की आपण आहोत की नाही याची आपल्यालाच खात्री राहत नाही. उजेड जातो. आवाज तेवढा राहतो. तो काळोख मला आवडला नाही, खोटं कशाला बोलू.

“हे आज नीट वाळू द्या,” स्वप्निल सांगून गेला. “उद्या येऊन पट्टी मारतो.”

मनकर्णाबाई मागच्या अंगणात धुणं वाळत घालायला गेल्या. मला बांबू सरकल्याचा आवाज आला. कोळ्याची जाळी काढायला त्या घरात एक लांब बांबू होता, टोकाला झाडू बांधलेला. वासुदेवरावांनी तो उलटा धरला आणि बुडानं मला दोनदा ढोसलं. ओला मसाला भदाभद खाली पडला. मी पुन्हा उघडी झाले.

सकाळी स्वप्निलनं कपाळाला हात लावला. “असं कसं पडलं?”

“मसाला हलका असन,” वासुदेवराव म्हणाले. हे म्हणताना त्यांची मान खाली होती. एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

स्वप्निल पुन्हा भरायला आला की वासुदेवराव ‘आज नको, उद्या’ म्हणून त्याला परत पाठवत, आणि तेव्हापासून माझी नोकरी सुरू झाली. फटीला काम काय असतं? दिसायचं. मी ते चोख केलं. मनकर्णाबाईंनी आर्वीचं नाव काढलं की वासुदेवराव नुसती हनुवटी वर करत. बोलावंही लागत नसे. सकाळी उठल्यावर ते बायकोच्या आधी माझी विचारपूस करत. एक पाल माझ्यात भाड्याशिवाय राहायला आली आणि तिनं माझी मनापासून तारीफ केली. कमलाबाई येऊन म्हणाल्या, “स्वप्निलचा हात पहिल्यासारखा नाई राह्यला वाट्टे. मी दुसरा पाहतो बापा.” स्वप्निल तेव्हा दारातच होता. तो पुट्टी लावायचा पत्रा पुसत बसला.

इतका मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. पण मान घेताना एक गोष्ट सारखी दिसायची. माझं तोंड खालीच आहे, त्याला मी काय करणार? मनकर्णाबाई रोज सकाळी झाडू मारता मारता थांबत आणि वर बघत. कुलुपाकडे बघावं तसं. मग दाराआडच्या बॅगेवरची धूळ फडक्यानं पुसत. भरलेली बॅग, न उघडलेली बॅग. बैठकीत दोघी अडकलेल्या, एक छताला, एक छतापायी. फरक इतकाच की मला कुठं जायचं नव्हतं.

आनंदाबाईंचे फोन येत राहिले.

“मने, मले कॅलेंडर कोरं दिसते.”

“येतो वं बाई. फट भरली का निघालो.”

“कशाची फट?”

“छताची.”

“बोरगावात एवढी मोठी फट पडली?” बाई म्हणाली. “डाक्टर म्हणते आता उशीर नका करू, नाई तं डोळा हातचा जाईन. मी म्हणलं, माही बहीण येऊन राह्यली.”

त्या दिवशी कणीक मळताना मनकर्णाबाईंचे हात थांबले. मी वर होते. मित्रांनो, उघडं राहायला कोणत्या फटीला आवडत नाही? उजेड असतो, हवा असते, घरातल्या गोष्टी कळतात. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी मला बुजवा. घट्ट बुजवा. काळोख चालेल.

दुसऱ्याच सकाळी घर झाडताना मनकर्णाबाईंनी बांबू हातात घेतला. झाडूचं टोक वर धरायचं म्हणून त्यांनी तो फिरवला आणि बुडाकडे बघत राहिल्या. बूड पांढरं होतं. त्यांनी नखानं खरवडलं. मग वर माझ्याकडे पाहिलं. मग बांबू जिथं होता तिथं, जसा होता तसा ठेवला. काही बोलल्या नाहीत. घरातल्या बाईनं बोलायचं तिथं न बोलणं ही मोठी धोक्याची खूण असते. वासुदेवराव पेपर वाचत होते, त्यांना ती दिसली नाही.

मनकर्णाबाईंनी स्वप्निलला पुन्हा बोलावलं. या वेळी तो पहाटे उठून ठरवून आल्यासारखा आला. बोर्डांच्या कडा हलत होत्या तिथं जादा स्क्रू आवळले. पालीला बाहेर काढलं. मसाला पत्र्यानं दाबून दाबून भरला, तो वाळेस्तोवर दारात बसून राहिला, मग जाळीची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर मसाल्याचा थर दिला.

“काकू, आता याले वाळू द्या. कूलर लावू नका. मी उद्या पुट्टीचा हात मारतो, अन् या बारीनं जर हे फुटलं ना, तं मी हा धंदा सोडतो.”

“नाई फुटणार,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

मी काळोखात होते. पट्टीमागे, मसाल्याखाली, दोन्ही बोर्ड मला घट्ट आवळून. खालून आवाज आला.

“अहो, मी कमलाबाईकडे शेवया-सरगुंडे कराले जाऊन राह्यली. दार लोटून घ्या.”

“जाय, जाय.”

दार लोटल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. नुसता पंखा. मी म्हटलं, नको. मग तो ओळखीचा आवाज आला. बांबू फरशीवरून सरकत होता.

पट्टी चिवट होती. पहिल्या ढोशाला तिनं दाद दिली नाही. दुसऱ्याला ताणली गेली. तिसऱ्याला फाटली आणि उजेड एकदम आत आला. खाली वासुदेवराव, मान वर, दोन्ही हातांनी बांबू धरलेला. अन् त्यांच्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात, मनकर्णाबाई. त्या मागच्या दारानं परत आल्या होत्या.

“पाल होती काय जी?”

वासुदेवराव झेंडावंदनाला उभं राहावं तसे ताठ झाले. बांबू वरच.

“हो. पाल होती.”

“सापडली?”

“पळाली.”

“पट्टीच्या आत कशी गेली असन बापा पाल?” मनकर्णाबाई शांतपणे पुढं आल्या. “अन् मागच्या बारीची? तीबी पालच होती का? मी जाळी काढतो तं झाडू मळते. तुमी काढता तं बूड पांढरं होते.”

वासुदेवरावांनी बांबू खाली घेतला. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी तो मांडीवर आडवा घेऊन ते खुर्चीवर बसले.

“चहा ठेवतं का थोडा?” ते म्हणाले.

“तिकडं माह्या बहिणीचा डोळा जाऊन राह्यला, अन् तुमी इथं छत उकरून राह्यले?”

“एवढं झालं हे मले मालूम नव्हतं.”

“फोन तं स्पीकरवर होता.”

वासुदेवराव बांबूच्या पेरांवरून बोट फिरवत राहिले. मग माझ्याकडेही न बघता, बायकोकडेही न बघता म्हणाले, “तू गेली का घरात आवाज नाई राहत वं.”

मनकर्णाबाईंनी खाली पडलेला मसाला पायानं बाजूला सारला.

“मंग तोंडानं सांगाचं होतं. बांबूनं काऊन सांगतलं?”

“तोंडानं सांगतलं असतं तं थांबली असती का?”

“नाई.”

“मंग?”

“मंग काय? गेली असती, अन् लवकर आली असती. आता उशिरा येतो.”

त्यांनी दाराआडची बॅग ओढली. फडताळातली बरणी काढून तीत घातली. वासुदेवराव उठले, वर बघितलं, आणि सवयीनं त्यांची हनुवटी वर गेली.

“अवं पण छत...”

“राहू द्या उघडं. मले कुठं फटीतून जाचं हाय? मी दरवाज्यातून जातो.”

आणि त्या गेल्या. इतके दिवस ज्या दारापुढं मी कुलूप होऊन लटकत होते, ते दार नुसतं लोटलेलं होतं.

घरात आवाज राहिला नाही, हे वासुदेवरावांचं म्हणणं खरं निघालं. पंखा फिरायचा, पण पंख्याशी किती बोलणार? ते खुर्चीत बसत, मी वर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. आता त्यांच्या नजरेत ती जुनी माया नव्हती. तिसऱ्या प्रहरी ते स्वयंपाकघरात जात, भांड्यांचा आवाज होई, काहीतरी उतू जाई, आणि ते रिकाम्या हातानं परत येत.

मग एका सकाळी त्यांनी चप्पल घातली आणि आधी कमलाबाईंच्या फाटकाशी गेले. आमची खिडकी उघडी होती.

“कमलाबाई, तुमी पीओपीले दुसरा माणूस नका पाहू. स्वप्निलचं काम चांगलं हाय. फट म्या पाडली.”

“तुमी? कशी काय?”

“बांबूनं.”

“काऊन जी?”

“पाल होती,” वासुदेवराव म्हणाले. मग थांबले. “नाई, पाल नव्हती.”

पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. कमलाबाई इतक्या हसल्या की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असावं. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. पण स्वप्निलवरचा डाग गेला, आणि वासुदेवरावांनी तो स्वतःच्या अंगरख्यावर घेतला, हे मी वरून पाहिलं आहे.

स्वप्निल आला तेव्हा हसला नाही. त्यानं शिडीची घोडी माझ्याखाली मांडली आणि पत्रा वासुदेवरावांच्या हातात दिला.

“काकाजी, बांबू धरता येते तं हाबी येईन. चढा घोडीवर. खाली मी धरतो.”

मित्रांनो, त्या दिवशी ज्यांनी मला उघडं ठेवलं होतं त्याच हातांनी मला बुजवलं. फाटकी पट्टी सोलून काढली, ब्रशनं कोपऱ्यान्‌कोपरा झाडला. शेवटी कुठं तरी दडलेला कापसाचा एक पुंजकाही निघाला. वासुदेवरावांनी तो खिशात घातला. “घाई नका करू. तळापर्यंत जाऊ द्या,” स्वप्निल खालून सांगे. मसाला माझ्यात शिरला, दोन्ही बोर्डांना भिडला. तो वाळेस्तोवर कूलर बंद, दोघं घामानं निथळलेले. वासुदेवरावांनी चहा केला. स्वप्निलनं पहिला घोट घेतला, कपात पाहिलं, आणि बिचाऱ्यानं तो संपवला.

मग पट्टी. तिच्यावर एक थर. वाळल्यावर दुसरा. सगळ्यांत शेवटी पुट्टीचा पातळ हात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. उजेडाची शेवटची रेघ होती, तिच्यात मला वासुदेवरावांचा चेहरा दिसला. पुट्टीनं माखलेला, तोंड उघडं, जीभ दातांत धरलेली. मग तीही रेघ गेली.

तेव्हापासून मी इथंच आहे. हलता येत नाही, दिसत नाही. सुटायची आशा नाही, आणि खरं सांगू का, इच्छाही उरलेली नाही. कारण त्यानंतर आर्वीहून फोन आला. मनकर्णाबाईंची सवय वासुदेवरावांनी उचलली होती. त्यांनी तो स्पीकरवर लावला.

“वासुदेवराव,” आनंदाबाईंचा आवाज खणखणीत होता, “पट्टी सोडली. मले समदं दिसते आता. मनी भल्ली बुढी झाली हो!”

“बाई, दे तो फोन इकडं,” मागून मनकर्णाबाई. “हलो. छत झालं का?”

मित्रांनो, वासुदेवराव नाही म्हणू शकले असते. एक शब्द. बांबू कोपऱ्यातच होता. मी अंधारात श्वास रोखून धरला, म्हणजे फटीला जेवढा धरता येतो तेवढा.

“झालं,” ते म्हणाले. “हात फिरवून पाह्यला. कुठं होती ते समजत नाई.”

“मंग मी आणखी राहतो थोडी. बाईच्या डोळ्यात औषध टाकाचं राहते.”

“राहजो.”

पंख्याचा आवाज. फोन ठेवला असं मला वाटलं.

“अवं मनकर्णे.”

“काय जी?”

“झालं का लवकर येजो. मले एकट्यानं करमत नाई.”

“हे बांबूनं सांगून राह्यले का तोंडानं?”

“तोंडानं.”

“मंग येतो.”

तर मित्रांनो, घरात फट दिसली तर तिची हेळसांड करू नका. वरवर पुट्टी फासून तिला लपवू नका, ती पुन्हा बाहेर येईल. नीट साफ करा, तळापर्यंत भरा, पट्टी मारा, वाळायला वेळ द्या. कापूस वातींसाठी ठेवा. आणि कुणी आपल्याजवळ राहावं असं वाटलं, तर तोंड उघडा. छत उघडू नका.